पाचवी सही

तिने तिसऱ्या चौकटीत सही केली, पेन खाली ठेवलं आणि कार्ड टेबलावरून पलीकडे सरकवलं. बँकेतल्या बाईंनी ते उचलून पासपोर्टाशेजारी ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही गोष्टी डोळ्यांच्या इतक्या जवळ नेल्या, की त्या वास घेताहेत की काय असं वाटावं.

"ही पहिली," पेनाच्या टोकाने दाखवत त्या म्हणाल्या, "ही दुसरी, ही तिसरी. आणि ही पासपोर्टातली. तुमची लिपी मला वाचता येत नाही. पण मला या चार वेगवेगळ्या बायकांच्या सह्या दिसताहेत."

ती हसली. बाई हसल्या नाहीत, तेव्हा तिने हसू आवरलं.

"पुन्हा करू का?"

"एका दिवसात एकच कार्ड. नियम आहे." बाईंच्या आवाजात खवचटपणा नव्हता. त्यांनी हिरवी फाइल मिटून तिच्याकडे दिली आणि वर हात ठेवला. "कागद सगळे चोख आहेत तुमचे. खरं सांगते, इतकी नीट लावलेली फाइल मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. पण सही जुळल्याशिवाय मला खातं उघडता येत नाही."

फाइल खरोखरच चोख होती. लग्नाचा दाखला, त्याचं शिक्का मारलेलं भाषांतर, जुन्या नावाचं अनुभवाचं पत्र, नव्या नावाचा पासपोर्ट आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं क्रमाने, दोऱ्यात ओवलेलं. लग्नानंतर तिच्या तीन शब्दांच्या नावातले दोन शब्द बदलले होते. मधल्या जागेवरून वडील उठले आणि तिथे नवरा येऊन बसला. आडनाव तर बदलणारच होतं. पुढचा एक शब्द तेवढा तिचा तिच्याकडे राहिला. हे सगळं परक्या देशातल्या माणसाला समजावताना नाकी नऊ येणार, अशी मनाची तयारी करून ती आली होती. बाईंना ते दोन मिनिटांत समजलं. अडलं ते भलत्याच ठिकाणी.

"गुरुवारी दहाला या," बाई वहीत बघत म्हणाल्या. "आणि सही तुमची नेहमीची करा. आत्ता तुम्ही फार जपून करत होतात. आपण घाईत, दुसरं काही बोलता बोलता करतो ना, तशी करा."

तिने मान हलवली. नव्या नावाची तिची नेहमीची सही कुठली, हे तिलाच माहीत नव्हतं. पासपोर्टातली सही तर तिने आयुष्यात एकदाच केली होती, आणि तीही गिरवून.

*

लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सासरे पासपोर्टाचा फॉर्म भरायला बसले होते. पट्टी, खोडरबर, दोन काळी पेनं आणि टोक काढलेली पेन्सिल अशी मांडामांड झाली होती. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर शेजारीपाजारी, पुतणे-भाचे, दूधवाला, कुणाचाही फॉर्म असो, तो त्यांच्याच हातून भरून जायचा. "या हातचा फॉर्म परत आलेला नाही," हे वाक्य घरात इतक्यांदा ऐकू यायचं, की सासूबाई त्यांच्याआधीच ते पुरं करायच्या. त्यांचे नियम ठरलेले होते. खाडाखोड करायची नाही. रकाना कोरा सोडायचा नाही. लागू नसेल तर त्यात रेघ मारायची, नाहीतर मागाहून कुणीही त्यात काहीही भरतं. आणि सही झाली की तिच्याखाली एक सरळ रेघ आणि त्या रेघेखाली दोन टिंबं. तशी सही केल्याशिवाय त्यांना काम संपल्यासारखं वाटत नसे.

"नव्या नावाची सही बसवायला हवी तुझी," तेव्हा बाबा म्हणाले होते. "या पाठकोऱ्या कागदावर दोन-चार करून बघ."

तिने केल्या. किती, ते आता आठवत नव्हतं. बाबांनी कागद हातात घेतला, निरखला, घसा खाकरला आणि बाजूला ठेवून दिला. मग पेन्सिल घेऊन त्यांनी फॉर्मातल्या चौकटीत तिचं नाव स्वतःच हलक्या हाताने लिहिलं. शिरोरेघ एका दमात, अक्षरांची पोटं गोल, आणि खाली रेघ नि दोन टिंबं.

"यावरून पेन फिरव. वळण सुटू देऊ नकोस."

तिने फिरवलं, आणि असं फिरवलं की गिरवलंय हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिचं कामच त्यातलं होतं. दातांच्या डॉक्टरांना लागणारे दात घडवणाऱ्या प्रयोगशाळेत ती आठ वर्षं होती. शेजारच्या दाताची ठेवण, उतार, झिजलेला कोपरा, सगळं हुबेहूब उचलायचं आणि नवा दात त्या रांगेत असा बसवायचा, की घरच्यांनाही खरा कुठला ते सांगता येऊ नये. बाबांनी पेन्सिलीच्या खुणा खोडल्या, फुंकर मारली, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "वा! छापल्यासारखी आली."

तेव्हा तिला आनंद झाला होता. नवीन घरात मिळालेली ती पहिली शाबासकी होती. आता बसथांब्यावर उभं राहून ते आठवताना तिला स्वतःचाच राग आला. नाव बदललं, ठीक आहे, सगळ्यांचंच बदलतं. सही तरी आपल्या हाताची ठेवायची होती.

*

नवरा बटाटे सोलत होता. ती दार लोटून आत आली, तेव्हा त्याने मान वर न करताच विचारलं, "उघडलं?"

"सही जुळली नाही."

"कुणाची?"

"माझी. माझ्याशी."

तो मोठ्याने हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने सुरी खाली ठेवली. तिने सगळं सांगितलं. तो हात पुसत पुसत ऐकत राहिला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "या महिन्याचा पगार माझ्या खात्यात येऊ दे. तुझ्या ऑफिसला चालेल ना? पैसे काय कुठे पळून जाणार आहेत?"

चालणार होतं. इथल्या ज्या प्रयोगशाळेत तिला नुकतंच दात घडवायचं काम मिळालं होतं, तिथल्या हिशेबनिसाने तसं सांगितलंही होतं: शुक्रवारी दुपारी पगाराची यादी जाते, तोवर स्वतःचा खाते क्रमांक आणा, नाहीतर नवऱ्याचा द्या, मग सहा महिने बदल होत नाही.

"पैशांचं नाही रे."

"मग?"

ती खुर्चीत बसली. हातातली फाइल तिने मांडीवर उभी धरली होती.

"अकरा महिने झाले आपल्याला इथे येऊन. घराचा करार तुझ्या नावावर, विजेचं बिल तुझ्या नावावर. माझा फोनसुद्धा तुझ्या नावावर आहे. वाचनालयाच्या कार्डावर मी तुझ्या नावाखाली कंसात आहे. कंसात! मी या देशात तुझ्या कागदाला जोडलेला कागद आहे. एकदा तरी मला पहिल्या ओळीत यायचंय."

वाईट वाटलं किंवा खजील झाला, की तो कान खाजवायचा. तसा त्याने खाजवला, बटाट्यांचं पातेलं बाजूला सारलं आणि टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणून ठेवला.

"बस. सराव करू. पासपोर्ट उघड."

पहिल्या दहा-बारा सह्या फसल्या. मग तिने सही वाचायचं सोडून दिलं आणि दात बघावा तशी ती बघायला लागली. कुठे जाड, कुठे बारीक, उतार कुठून सुरू होतो. त्यानंतर हात बसू लागला. चाळिसाव्या कागदावर तर कुठे बोट ठेवायला जागा राहिली नाही. नवऱ्याने फोनवर वेळ लावली होती.

"एकोणीस सेकंद," तो म्हणाला. "मला तीन लागतात. तू सही करत नाहीयेस, चित्र काढतेयस."

"जुळतेय ना पण?"

त्याने कागद आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरले. "तंतोतंत! बाबाच इथे येऊन करून गेल्यासारखं वा..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. सहा महिन्यांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोलणं अडखळत का होईना सुरू झालं, पण उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असे. फोनवर दिसायचा तो, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. घरात आता फॉर्म भरणारं कुणी नव्हतं आणि त्या अक्षराचा नवा कागद कुठूनही येणार नव्हता.

नवऱ्याने तो कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि परत बटाट्यांकडे गेला. तिने ते पाहिलं. तिच्या रागाची पंचाईत झाली होती. ज्यांच्यावर रागवायचं, त्यांचा हातच चालत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सासूबाईंचा फोन आला. तिच्यासमोर मेणात कोरलेली अर्धवट दाढ होती. ती हातमोजे काढून मागच्या अंगणात गेली. इथे दुपार म्हणजे तिकडे संध्याकाळ.

"अगं, कुणाला काय सांगावं याचं तुझ्या नवऱ्याला काही भान?" सासूबाई सुरुवातीलाच कडाडल्या. "बोलून गेला फोनवर. तेव्हापासून हे असे बसलेत. जेवले नाहीत धड. चहा दोनदा गरम केला मी. घे, तुझ्याशीच बोलायचंय म्हणतात."

फोनचा पडदा हलला, छत दिसलं, मग बाबांचा अर्धा चेहरा.

"फॉर्म..." बाबा म्हणाले, आणि शब्द गोळा करायला थांबले. "फॉर्म परत आला?"

"फॉर्म नाही हो बाबा. नुसती सही अडली."

"सही म्हणजे... फॉर्मच."

शेजारच्या भिंतीवर कुणीतरी धुऊन पालथे ठेवलेले मग वाळत होते. ते ती मोजत राहिली.

"कुणाची चूक?" बाबांनी विचारलं.

"माझीच. माझा हात बसला नाही अजून. नव्या नावाची सवय कुठे झालीय मला? उद्या जमेल, काल खूप सराव केलाय."

"खोटं बोलू नकोस." हे तीन शब्द मात्र न अडखळता आले. "वळण... माझं होतं."

दोन दिवस तिला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. बसमध्ये, कामावर, भांडी घासताना तिने मनातल्या मनात बाबांकडून ते शंभर वेळा वदवून घेतलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यावर द्यायचं खणखणीत उत्तर तिच्याकडे तयार होतं. आता ते त्यांनी आपण होऊन म्हटलं, तर तिच्या तोंडून नुसतं "हो" निघालं. तेही इतकं हळू, की त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

ऐकू गेलं असावं. पडदा पुन्हा हलला आणि सासूबाई दिसल्या, मान मागे वळवलेल्या.

"अगं बाई, उठले! कपाटाकडे निघाले. अहो, काठी! काठी घ्या आधी! थांब गं, ठेवते मी."

ती आत आली. मेणाची दाढ तशीच होती. तिने हातमोजे चढवले, पण त्या दुपारी तिच्या हातून काम धड झालं नाही. दाढेचा एक कोपरा जास्त तासला गेला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आजारी माणसाला आपण "हो" म्हटलं, हे तिच्या मनातून जाईना. नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सही तर तिला आता येत होती. एकोणीस सेकंदांत, पण येत होती.

*

गुरुवारी ती अर्धा तास आधीच निघाली. बँकेच्या दोन थांबे अलीकडे फोन वाजला. आधी एक फोटो आला, मग बाबांच्या आवाजातला निरोप. तिने फोटो उघडला आणि ती पुढच्याच थांब्यावर उतरली. गर्दीत उभं राहून बघण्यातला तो फोटो नव्हता.

पाठकोरा कागद होता. वरच्या कोपऱ्यात बाबांच्या जुन्या, धडधाकट अक्षरात तारीख, दीड वर्षापूर्वीची. डावीकडे फाइलचा दोरा ओवायची दोन भोकं. आणि कागदावर एकाखाली एक आठ सह्या. तिच्या नव्या नावाच्या, तिच्या हातच्या.

तिला वाटलं होतं, तो कागद त्याच दिवशी टोपलीत गेला असणार. पण बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाने कागद टाकला असता, तर ते बाबा कसले? त्यांनी तो लावून ठेवला होता. सासूबाईंचा अंगठा फोटोच्या कडेला आला होता.

पहिल्या चार सह्या नव्या सुनेच्या होत्या. जपून केलेल्या, सरळ रांगेत, कुणी नाव ठेवू नये अशा. पाचवीला हात कंटाळला असावा. तिथे शिरोरेघ पहिल्या शब्दानंतर तुटली होती, मधलं नाव एका फटकाऱ्यात उरकलं होतं आणि शेवटच्या अक्षराची शेपटी उजवीकडे वर निघून गेली होती. लग्नाआधीच्या तिच्या सहीत जायची तशीच. सहावीपासून पुन्हा सगळं नीटनेटकं.

पाचव्या सहीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण होती.

तिने फोन कानाला लावला.

"पाचवी... बघ," बाबांचा आवाज म्हणाला. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. "खूण... त्याच दिवशी केली होती मी. चांगली होती. तुझी होती. मग म्हटलं... पासपोर्टाचं काम आहे. जरा... ठसठशीत हवी. उगाच पेन्सिल घेतली. जा आता. आणि रकाना... कोरा सोडू नकोस."

तिने निरोप दुसऱ्यांदा ऐकला. मग थांब्याच्या बाकावर बसून फाइल मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्या हिरव्या पुठ्ठ्यावर बोटाने ती पाचवी सही करून बघितली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तिने फोटोकडे बघितलंच नाही. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने पिशवीतून रुमाल काढून तिच्यापुढे धरला, तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

*

"करा," बँकेतल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरं कार्ड पुढे सरकवलं.

तिने पेन उचललं नाही.

"मला सही बदलायची आहे," ती म्हणाली. "पासपोर्टातली मला करता येते, करून दाखवते. पण यापुढे मला ती वापरायची नाही. वेगळी आहे माझी. चालेल का?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"त्याचा वेगळा फॉर्म असतो. आधी सांगायचं होतंत."

"आधी मला माहीत नव्हतं, वेगळी आहे म्हणून."

बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाकून टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला, त्यातून एक पिवळट फॉर्म काढला आणि कडेची धूळ झटकली. "वर्षातून एखाद्याला लागतो हा. बहुतेक हात मोडलेले लोक येतात." त्यांनी पेनाने दोन चौकटी दाखवल्या. "इथे आत्ताची सही, पासपोर्टात आहे तशी. इथे यापुढची. दोन्ही माझ्यासमोर. आणि मग कार्डावरच्या तिन्ही, यापुढची जशी असेल तशा."

पासपोर्ट बाईंच्या बाजूला मिटलेला होता. पहिल्या चौकटीत तिने शिरोरेघ एका दमात ओढली. अक्षरांची पोटं गोल केली. बाबा फॉर्मवर वाकून बसायचे तशी तीही वाकली होती. घाई मात्र केली नाही. एकोणीस सेकंद लागले असतील, जास्तही लागले असतील. शेवटी खाली सरळ रेघ आणि दोन टिंबं. बाईंनी पासपोर्ट उघडून तपासलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या चौकटीत आणि कार्डावर तिने बघता बघता चार सह्या केल्या. शेपटी चारही वेळा उजवीकडे वर गेली. एकदा तर चौकटीच्या बाहेर. त्या अगदी एकसारख्या नव्हत्या. पण एका घरच्या होत्या, हे लिपी न येणाऱ्या माणसालाही कळलं असतं.

"ही तुमची नेहमीची," बाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. मग त्यांनी वरच्या चौकटीकडे पाहिलं. "पहिली मात्र फार देखणी आहे. सोडवतेय का तुम्हाला?"

"ते वळण मला सासऱ्यांनी घालून दिलं होतं," ती म्हणाली. "फार सुंदर अक्षर होतं त्यांचं."

बाईंनी पेनाचं टोक फॉर्मच्या तळाशी टेकवलं. तिथे एक लांब रकाना होता: बदलाचं कारण.

ती थांबली. लग्न लिहावं, तर लग्न दोन्ही सह्यांच्या आधीचं. आजार लिहावा, तर तो तिचा नव्हता. पेन्सिल, पाठकोरा कागद, कपाटापर्यंत काठीशिवाय टाकलेली पावलं, यातलं काय त्या रकान्यात मावणार होतं? बाईंच्या मागच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. कोरा सोडला तरी चाललं असतं, असं बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिने रकान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीशिवाय एक सरळ रेघ मारली. मग तिच्याखाली दोन टिंबं दिली.

बाईंनी ते पाहिलं, क्षणभर पेन हवेत धरलं आणि फॉर्मवर शिक्का मारला.

*

रस्त्यावर आल्यावर तिने हिशेबनिसाला खाते क्रमांक पाठवला. मग घरी फोन लावला. सासूबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला. फोन हातात घेऊनच बसल्या असाव्यात.

"झालं, आई. उघडलं."

"झालं हो!" सासूबाई मागे वळून ओरडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "हे विचारतायत, रकाने सगळे भरलेस का? कोरा नाही ना सोडलास एखादा?"

"नाही म्हणावं. एक लागू नव्हता. त्यात रेघ मारली." तिने खांद्यावरची पिशवी सावरली. पिशवीत हिरवी फाइल होती आणि फाइलमध्ये आता एक नवा कागद, ज्याच्या पहिल्या ओळीत तिचं नाव होतं. "आणि खाली दोन टिंबं दिली."

सासूबाईंनी ते जसंच्या तसं पुढे सांगितलं. पंख्याची घरघर तेवढी येत राहिली.

"आई? काय म्हणाले?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करून बसलेत. डाव्या हातात पेन्सिल मागतायत."